सासूबाईंचं मत पेटीपर्यंत

माझ्याइतका व्यवस्थित माणूस आमच्या लगूनच्या, म्हणजे बेटांनी वेढलेल्या उथळ समुद्राच्या, उत्तर टोकाला दुसरा नाही. हे मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगत नाही. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधीच्या रविवारी चर्च सुटल्यावर मी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, की लगूनपलीकडच्या मोठ्या गावात मतदानाला जायची काळजी कुणी करायची नाही. बोट माझी, जबाबदारी माझी. सकाळच्या भरतीला पहिली फेरी, त्यात माझ्या सासूबाई. लगेच परत येऊन दुसरी फेरी, त्यात माझी बायको अकोइया आणि आमच्या टोकाची बाकीची मंडळी. दुपारच्या जेवणाला सगळे घरी, सगळ्यांच्या बोटाला शाई.

पहिल्या फेरीत एकट्या सासूबाई का, हे मी जाहीर केलं नाही. त्यात राजकारण होतं.

दोन उमेदवारांपैकी मला कप्तान निवडून यायला हवे होते. उभा जन्म जहाजावर काढलेला माणूस, खोबऱ्याला चांगला भाव देईन म्हणत होता. माझा मेहुणा कारोतु मात्र मास्तरांच्या बाजूचा. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले आणि समुद्राला बंधारा घालू म्हणणारे. यावरून ईस्टरपासून आमचं बोलणं बंद होतं. घरं एवढी जवळ, की तो शिंकला की आमचं मांजर दचकतं, पण बोलणं बंद. सासूबाई आमच्याकडे राहतात, म्हणून त्यांचं मत कप्तानांचं, असं माझं म्हणणं. कारोतु त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणून ते मास्तरांचं, असं त्याचं. त्यांना स्वतःला आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं.

आता अडचण अशी, की माझ्या बोटीचं इंजिन महिनाभर खोकत होतं आणि चालू इंजिन त्या टोकाला एकच होतं, कारोतुचं. इथे माझं डोकं चाललं. आमच्याकडे नातलगाने समोर उभं राहून एखादी वस्तू मागितली की नाही म्हणायचं नसतं. त्याला बुबुसी म्हणतात. मी मतदानाच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या दारात गेलो आणि इंजिन मागितलं. ईस्टरनंतरचं माझं पहिलं वाक्य. तो उठला आणि इंजिन खांद्यावर घेऊन माझ्या बोटीपर्यंत आणून दिलं. मी मनात म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. बोट माझी चालली, आणि मास्तरांचं एक मत घरीच राहिलं.

इंजिन खाली ठेवून त्याने घाम पुसला आणि शांतपणे माझ्या बोटीत बसायला जागा मागितली. त्यालाही बुबुसी येत होती.

सकाळी मी उजाडायच्या आत बोट पाण्यात ढकलली. भरती अगदी काठोकाठ होती. पण सासूबाई तयार होत नव्हत्या. त्यांनी आधी अंघोळ केली, मग केसांना तेल लावलं, मग ट्रंकेतून चर्चचा पांढरा पोशाख काढला, तो नको म्हणून निळा काढला, मग पुन्हा पांढरा. अकोइयाने मला दोनदा सांगितलं, की पाणी उतरायला लागलंय, आधी दुसऱ्यांना सोडून या, आईला मागून न्या. मी ऐकलं नाही. मी गेलो असतो तर मागे कारोतु आणि सासूबाई एकत्र राहिले असते. निम्मी सकाळ उलटल्यावर त्या आल्या. मध्यभागी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती, तिच्यावर त्या बसल्या. बसल्यावर खुर्ची दिसेनाशी झाली.

अर्धं अंतर ठीक गेलं. मग कारोतु हवेकडे बघून म्हणाला, की ज्यांना समुद्राखाली जायचंय त्यांनी खुशाल खोबऱ्याला मत द्यावं. मीही हवेकडे बघून म्हणालो, की बंधारा काही उकडून खाता येत नाही. असं आमचं हवेशी बोलणं वाढत गेलं. सुकाणू माझ्या हातात होतं, पण तोंड मागे, कारोतुकडे. त्याने एकदा समोर बोट दाखवलं. मला वाटलं, मुद्दा मांडतोय.

बोट वाळूवर चढली आणि खुर्चीसकट सासूबाई हातभर पुढे सरकल्या.

आम्ही दोघं उडी मारून ढकलायला लागलो. तो पुढून, मी मागून, म्हणजे एकमेकांविरुद्ध. हे लक्षात येईपर्यंत पाणी पोटऱ्यांवरून घोट्यांवर आलं होतं. थोड्या वेळाने बोटीभोवती ओली वाळू आणि पळणारे खेकडे एवढंच उरलं. पाणी परत येऊन बोट तरंगायची म्हणजे संध्याकाळ, आणि मतदान संध्याकाळीच संपणार होतं.

ऊन डोक्यावर होतं. मी इंजिन उघडून पाहिलं, जणू दोष त्याचा. कारोतु पाठ करून बसला. माझ्या डोळ्यांसमोर किनाऱ्यावर ताटकळणारी अकोइया येत होती. तिच्या मागे आमच्या टोकाची माणसं, माझ्या शब्दावर आपल्या वल्ह्याच्या होड्या काठावरच ठेवून, रविवारचे कपडे घालून बसलेली. ती सगळी कप्तानांच्या बाजूची होती, हे माझ्या तिथे वाळूवर उभं असताना लक्षात आलं.

तेवढ्यात सासूबाई चपला काढून बोटीतून खाली उतरल्या. वाळूवर थोडं इकडे, थोडं तिकडे चालल्या. मी म्हटलं, आई, उन्हात फिरू नका. त्यांनी पायाने एक जागा दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "इथे आमची चूल होती."

आम्हाला कळेना. मग त्यांनी हात फिरवून दाखवलं. इथे घर, तिथे विहीर, पलीकडे वडिलांची नारळाची झाडं. त्या लहान असताना हे बेट होतं. आधी विहीर खारट झाली, मग झाडांचे शेंडे गळाले, मग एका वर्षी लाटा आल्या आणि सगळे तिथून उठले. मी त्या वाळूवरून आयुष्यभर बोट नेली होती. मला ती फक्त अडचण म्हणून माहीत होती. कारोतुलाही ठाऊक नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. आईला त्याने कधी विचारलं नसेल.

"मतदान कुठे आहे?" सासूबाईंनी विचारलं.

कारोतुने दक्षिणेकडे बोट दाखवलं. उघड्या पडलेल्या वाळूपलीकडे मोठ्या गावातल्या सभाघराचं छप्पर दिसत होतं.

"मग उचला मला," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

आम्ही उचललं. पुढे कारोतु, मागे मी. वाळू वरून घट्ट दिसते, पण पाय ठेवला की आत ओढते. त्याचा पाय रुतला की सासूबाई पुढे झुकायच्या, माझा रुतला की मागे. दर थोड्या अंतराने आम्ही खुर्ची टेकवायचो, तेव्हा चारही पाय वाळूत जायचे आणि मग ती उपटायलाच निम्मी ताकद जायची. सासूबाई वर बसून दोन्ही हातांनी छत्री धरून होत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मोठ्या गावाच्या अलीकडे खाडी आहे. ओहोटीला ती गुडघाभर असते. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी सरली होती आणि बाहेरच्या समुद्राचं पाणी आत धावायला लागलं होतं. पलीकडच्या काठावर एक बाई हात हलवत होती. या म्हणत होती की येऊ नका म्हणत होती, कळत नव्हतं.

मी म्हणालो, परत फिरू. कारोतुने मागे पाहिलं. आम्ही आलो त्या वाळूवरही पाणी चढत होतं. परत फिरायला काही उरलं नव्हतं.

खुर्ची खांद्यावर घेऊन आम्ही उतरलो. पाणी कमरेला आलं, मग छातीला. ओढ एवढी, की पाऊल उचललं की ते दुसरीकडेच पडायचं. मध्यावर माझ्या पायाखालची वाळू सरकली. मी खाली गेलो, माझ्याकडची बाजू कलली, आणि सासूबाई पांढऱ्या पोशाखासकट पाण्यात गेल्या.

मी वर आलो तेव्हा खुर्ची एकटी वाहत चालली होती. छत्रीही. सासूबाई कुठेच नव्हत्या. तो क्षण मला आजही आठवायला आवडत नाही. मी पाण्यात हात फिरवत होतो आणि हाताला नुसतं पाणी लागत होतं. मग कापड लागलं. मी ते मुठीत धरलं आणि दातही लावले असते. त्याच वेळी पलीकडून कारोतुने त्यांना काखेत धरून वर काढलं. त्यांच्या नाकातोंडातून पाणी आलं. त्या खोकल्या, पुन्हा खोकल्या, आणि आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो. पाणी त्यांच्या हनुवटीला लागत होतं.

"मी हो म्हटलं की पाऊल टाक," कारोतु मला म्हणाला. या वेळी हवेला नाही, मला.

"बरं," मी म्हणालो.

आम्ही एकमेकांचे हात गुंफून त्यावर त्यांना बसवलं. तो हो म्हणायचा, मी पाऊल टाकायचो. एकदा मी थांब म्हणालो, तर तो थांबला. असे आम्ही काठाला लागलो. ती बाई धावत आली आणि म्हणाली, की ती केव्हाची येऊ नका, येऊ नका असंच सांगत होती.

सभाघरात पोचलो तेव्हा केंद्रावरचा अधिकारी पेटीला सील लावायची तयारी करत होता. त्याने तिघांकडे पाहिलं. तिघांच्या पायाखाली तळी साचली होती. त्याने सासूबाईंना मतपत्रिका दिली, आणि हात पुसायला स्वतःचा टॉवेलही दिला. त्या पडद्याआड गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा बोट शाईत बुडवून त्यांनी ते उजेडात धरून नीट पाहिलं. मग कारोतुने मत दिलं आणि शेवटी मी. माझ्यामागे पेटी बंद झाली.

चटयांवर गावातले लोक बसले होते आणि प्रत्येक जण आपल्या मतदानाची हकिगत सांगत होता. एकाचा ट्रक वाटेत बिघडला होता. एकाने शाईत चुकून पूर्ण पंजा बुडवला होता आणि त्याला कशालाही हात लावू देत नव्हते. आमची हकिगत झाल्यावर मात्र लोक उठून धावपळ करायला लागले. आम्हाला कोरडे कपडे मिळाले, भाजलेला विलायती फणस आणि मासा मिळाला.

खाता खाता मला राहवलं नाही. मी सासूबाईंना विचारलं, की मत शेवटी कुणाला दिलंत. कारोतुही खायचा थांबला.

"सकाळपर्यंत ठरत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पाणी हनुवटीला लागलं तेव्हा ठरलं."

"मग कुणाला?"

"ते पेटीला सांगितलंय," असं म्हणून त्यांनी माशाचं डोकं उचललं.

अंधार पडायला लागला होता. मी म्हणालो, आता बोट तरंगली असेल, जाऊन आणायला हवी. कारोतु म्हणाला, सावकाश जाऊ, नांगर आहेच. मी म्हणालो, हो, तू टाकलास ते बरं केलंस.

"मी कुठे टाकला? बोट तुझी," तो म्हणाला.

आम्ही किनाऱ्यावर धावलो. लगूनवर बोट नव्हती. उत्तरेकडून मात्र दिवे येत होते. एक, दोन, मग बरेच. होड्या एका ओळीत, हळूहळू, आणि प्रत्येक होडीतून कुणीतरी वाकून दिवा पाण्यावर धरलेला.

काय झालं ते नंतर कळलं. बोट भरतीवर तरंगली आणि वाऱ्याने शहाण्यासारखी घरी गेली. दिवसभर किनाऱ्यावर वाट बघत बसलेल्या अकोइयाने ती येताना पाहिली. आत कुणी नव्हतं. फक्त आईच्या चपला होत्या. मग त्या टोकावर जेवढ्या होड्या होत्या, तेवढ्या सगळ्या निघाल्या आणि वल्ही मारत, हाका मारत, वाळूचा प्रत्येक पट्टा तपासत इथवर आल्या.

अकोइया पहिल्या होडीत होती. ती गुडघाभर पाण्यात उतरली, माझ्याकडे आणि भावाकडे पाहिलं आणि न थांबता सभाघरात गेली. तिथे आई माशाचे काटे चोखत बसली होती. अकोइयाने चपला तिच्या पायाशी ठेवल्या. मग बाजूला बसून तिने आईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तिच्या मागून रविवारच्या कपड्यांतली आमची सगळी माणसं आत आली. त्यांनी सील लावलेली पेटी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे पाहिलं.

निकाल रेडिओवर सगळ्यांनी ऐकला. देशभर काय व्हायचं ते झालं. आमच्या केंद्रावर मात्र कप्तान थोडक्यात पडले, आणि ते थोडकं म्हणजे किती, हे आमच्या टोकावर मला भेटणारा प्रत्येक जण अजून सांगतो.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी अकोइयाने आईला होडीत बसवलं, पायांवर चादर घातली. कारोतु आणि मी एकमेकांच्या आधाराने पाण्यात उतरलो आणि होडीच्या काठाला हात लावला.

"जागा नाही," अकोइया म्हणाली.

होडीत चांगली चार माणसांची जागा होती. मी तसं म्हणणार होतो, पण कारोतुने मागून माझा शर्ट ओढला.

"मग आम्ही यायचं कसं?" मी विचारलं.

तिने वल्हं हातात घेतलं. "उद्या ओहोटीला चालत या," ती म्हणाली. "वाट आता पाठ झाली असेल."