काटकोन सर आणि शेवटचा बाक

"मॅडम म्हणा. जीभ काही झिजत नाही," कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली.

"माझ्या हाताखाली शिकलेली पोर ती! तिला अहो-जाहो करू?"

"करा. नाहीतर दहावी जाईल हातची."

हा घाव वर्मी बसला. गणित विभागाचे प्रमुख निवृत्त झाले तेव्हा ती खुर्ची आपल्यालाच मिळणार, असं सर धरून चालले होते. मिळाली ती त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थिनीला. खुर्चीचं दुःख त्यांनी कसंबसं गिळलं. पण दहावीचा वर्ग गेला असता तर त्यांच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं काही उरलंच नसतं. ताठ उभं राहायच्या सवयीमुळे मुलं त्यांना काटकोन सर म्हणत, ते नावही दहावीनंच दिलेलं.

कुठला वर्ग कुणाला द्यायचा, हे नव्या प्रमुख प्रत्येकाच्या तासाला बसून ठरवणार होत्या. सरांनी फळ्याजवळ एक खुर्ची आणून ठेवली, स्वतःच्या रुमालानं पुसली, आणि शिक्षकांच्या खोलीत चष्मा घ्यायला गेले. तो सापडला, पण ते त्यावर बसल्यानंतर.

चष्म्याविना वर्गात आले तर खुर्ची रिकामी. म्हणजे बाई आल्या नाहीत! सर सैलावले. त्यांनी भूमितीचं एक उदाहरण फळ्यावर लिहिलं आणि धूसर निळ्या गणवेशांवरून नजर फिरवली.

"शेवटचा बाक! खिडकीशी बसलेली! बाहेर काय बघतेस? ऊठ, सोडव."

ती उठली. क्षणभर घुटमळली आणि दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी झाली.

"मधल्या पायऱ्या कुठायत? गिळल्यास?"

"सर, या रीतीत त्या लागत नाहीत..."

"मी शिकवली ती रीत सोडून शहाणपणा? बाहेर उभी राहा!"

ती निमूट बाहेर गेली. पोरांनी माना वह्यांत खुपसल्या. आपला दरारा अजून शाबूत आहे, या समाधानात सरांनी तेच उदाहरण आपल्या रीतीनं सोडवायला घेतलं.

तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले. "सर, तुमच्या विभागप्रमुख बाहेर का उभ्या आहेत?"

सर खडू हातात तसाच धरून दाराकडे धावले. ते बाहेर आले. जवळून पाहिलं, तेव्हा कुठे निळा ड्रेस गणवेशाहून वेगळा दिसला. खुर्ची सोडून बाई आपल्या जुन्या, शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या. बायकोनं बजावलेला 'मॅडम' शब्द ऐन वेळी आठवेना.

"अगं... अहो... तू... तुम्ही बोलला का नाहीत?"

"सर, तुम्ही 'बाहेर' म्हणालात आणि पाय आपोआप निघाले," ती ओशाळून म्हणाली. मग मुख्याध्यापक पुढे जाईपर्यंत थांबली. "उत्तर बरोबर होतं, सर."

सरांनी मनातल्या मनात पडताळून पाहिलं. बरोबर होतं.

"शाळेत असतानाही बरोबरच असायचं," ती हळूच म्हणाली. "फक्त रीत माझी असायची."

किती वेळा बाहेर काढलं होतं हिला? सरांना आठवेना, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच काटकोनाला बाक आला.

"दहावी दुसऱ्या कुणाला द्या, मॅडम."

"नको. तुमच्याइतकं जीव तोडून कोण शिकवतं? पण पुन्हा कुणी वेगळ्या रीतीनं सोडवलं तर?"

"तर मी बाहेर उभा राहीन," सर घाईघाईनं बोलून गेले. दार उघडं होतं. आत सगळ्यांनी कान टवकारले होते.

सोमवारी पहिल्याच उदाहरणाला अख्ख्या वर्गानं वेगळी रीत काढली. काहींच्या रीती तर साफ चुकीच्या होत्या, पण वेगळ्या होत्या. सरांनी डस्टर ठेवलं आणि खाली मान घालून बाहेर जाऊन उभे राहिले.

आतून कुणीतरी सरांच्याच सुरात ओरडलं, "सर, भिंतीला टेकायचं नाही!"

वर्गात हशा पिकला. त्यात शेवटच्या बाकावर पुन्हा येऊन बसलेल्या मॅडमचं हसणं सगळ्यात मोठं होतं. सर भिंतीपासून निमूट वेगळे झाले.