परबकाकांच्या चार टिकल्या

माणसाने कोणत्याही मोजमापावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे सत्य मला आमच्या परळच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या परबकाकांमुळे समजलं. काका ते रोज सकाळी, गंजीफ्रॉक आणि पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात, गाडीच्या पेट्रोलच्या टाकीत काठी बुडवून सिद्ध करतात.

गाडी माझ्या थोरल्या भावाच्या वयाची. ती ठेवलीय एकाच कामासाठी. काकींना दमा आहे. धाप लागली की हॉस्पिटल. दोन वर्षांपूर्वी दादरहून परतताना काकींना धाप लागली आणि नेमकी तेव्हाच गाडी पुलावर बंद पडली. काटा अर्ध्यावर आणि टाकी कोरडी. टाकीतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून काट्याला खबर देणारा डबा, गंजून जागीच अडकला होता. टॅक्सी मिळेपर्यंत वीस मिनिटं काकी मागच्या सीटवर श्वास ओढत होत्या. तेव्हापासून काकांचं एकच वाक्य: "काटा म्हणतो, पण टाकी काय म्हणते?" हवामान खात्याला तेच, माझ्या बढतीच्या पत्रालाही तेच.

शेवटी यंदा त्यांनी फ्लोट स्वतःच बदलला. टाकी रिकामी केली आणि मापाने एकेक लिटर ओतत बसले. दर पाच लिटरला काटा जिथे पोचेल तिथे काचेवर काकींची एक लाल टिकली. अशा चार.

"माझं टिकल्यांचं पाकीट संपवलंत हो," काकी दारातून म्हणाल्या. "आता गाडीला हळदीकुंकवालाही बोलवा."

त्यानंतर आठवड्याभरातच एका दुपारी काकींचे ओठ निळे पडले. मी त्यांना धरून मागे बसलो. काटा बरोबर तिसऱ्या टिकलीवर होता. गाडी रस्त्याला लागली आणि काटा आमच्या डोळ्यांदेखत खाली येऊ लागला. दुसरी टिकलीही गेली.

"गळतेय रे, अविनाश! फ्लोटवरचं झाकण माझ्याच हातून ढिलं राहिलं!" काका ओरडले. मला लगेच पेट्रोलचा वास आला. तो नव्हता, पण आला.

सिग्नल लाल. "पेटलीच, तर हिला उचलून पळायचं. माझ्याकडे बघू नको."

"उचलणाऱ्यांची... तोंडं बघा," काकी धापांच्या मधून म्हणाल्या.

पोचलो. काकींना आत नेल्यावर मी गाडीखाली वाकून पाहिलं. कोरडं ठणठणीत. मग उलगडा झाला. आमच्या गल्लीत डावी चाकं फुटपाथवर चढवल्याशिवाय गाडी उभीच राहत नाही. काकांनी टिकल्या लावल्या त्या तिरक्या गाडीत, पेट्रोल फ्लोटच्या बाजूला साचलेलं असताना. सपाट रस्त्यावर पेट्रोल टाकीभर पसरलं, एवढंच.

हे सांगायला आत गेलो. काकींना ऑक्सिजन लावला होता. काका स्टुलावर सिलिंडरच्या डायलकडे तोंड करून बसले होते, एक हात मागे काकींच्या पावलावर. माझं सगळं त्यांनी ऐकून घेतलं, मान मात्र वळवली नाही.

"अहो, जरा माझ्याकडे बघा," मास्कमधून काकी म्हणाल्या.

"तू आहेस ते हाताला कळतंय," काका म्हणाले. "अविनाश, हा सिलिंडर सरळ उभा आहे का बघ रे."

सरळच होता. मी दोनदा पाहिलं.

आमच्या फाटकापासून ते हॉस्पिटल चालत सात मिनिटांवर आहे.