पिठलं-भाकरी, घरपोच

धुळ्यात डबे पोचवणं म्हणजे काय मोठं! जळगावात मोहिनीचे डबे कॉलेजपासून कोर्टापर्यंत जात होते. तेच आता धुळ्यात जातील. माणसं तीच, तिखट तेच, फक्त गाव पुढचं! असं तिने भावाला, हेमराजला, छाती पुढे काढून ऐकवलं.

"धुळ्याचे लोक बाहेरचं खात नाहीत," हेमराज म्हणाला.

"बाहेरचं कुठे? आईच्या पद्धतीचं आहे."

धंदा आईनेच उभा केलेला. वर्षापूर्वी ती गेली. धुळं तिचं माहेर. तिथल्या गल्लीत आपला डबा फिरावा, एवढी एक हौस तिची राहून गेली होती. मोहिनीने तिथे एक स्वयंपाकघर भाड्याने घेतलं. महिन्याभरात गिऱ्हाईक जमलं नाही तर गाशा गुंडाळून परत यायचं, असं बहीणभावाचं ठरलं.

मोहिनीची तयारी म्हणजे लग्नघराची! डबे पोचवायला जीवरामभाऊ, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांना कडक इस्त्रीचा पांढरा सदरा-पायजमा. प्लास्टिक नको म्हणून डबा पांढऱ्या फडक्यात बांधलेला. शिवाय शिस्त: दुपारी लोक झोपतात, बेल वाजवायची नाही, चपला काढायच्या, हात जोडायचे, आवाज चढवायचा नाही.

"भाऊ, कंडक्टरगिरी विसरा!"

"विसरलो, ताई," भाऊ कुजबुजले.

बरेच दिवस फोन मुका होता. मग एकदाचा वाजला. आईच्या माहेरच्याच गल्लीतले भाईदास नाना! बायको कमलबाई दोंडाईच्याला भावाकडे गेलेली, नाना घरात एकटे.

"पिठलं आन् कळण्याची भाकरी धाड. पिठलं घट्ट पाहिजे!"

भाऊ पोचले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं आणि आत नाना माश्यांच्या भीतीने डोक्यावरून चादर ओढून गाढ झोपले होते. भाऊ दारातच उभे राहिले. पांढरे कपडे, अनवाणी पाय, पोटाशी पांढऱ्या फडक्यातला डबा, मान खाली. समोरच्या ओट्यावर भिकुबाई लसूण सोलत होत्या. त्यांचं सूप हातातून निसटलं.

आता खान्देशात कुणालाही विचारा, पिठलं-भाकरीचा डबा बाहेरून घरात कधी येतो! घरातलं माणूस गेलं, चूल विझली, की शेजारपाजारचे आणतात.

"कोन गयं हो?" भिकुबाईंनी विचारलं.

भाऊंनी शिस्तीप्रमाणे हात जोडले.

"नाना?"

डबा नानांचाच होता. भाऊंनी मान डोलावली.

भिकुबाईंनी असा हंबरडा फोडला की गल्लीतली कुत्री ओट्याखाली शिरली! घटकाभरात माणसं जमली. दारातून चादरीखालचे नाना दिसले. पुढे जायची कुणाची छाती होईना. सोनगीरला पुतण्याला, नवलला, फोन गेला. तो केसांतल्या कापसासकट शेतातून निघाला. कमलबाईंना खरं कोण सांगणार? "नानांना जरा बरं नाही, लगेच या," एवढंच कळवलं. एवढं ऐकून त्यांनी दोंडाईच्यापासूनच रडायला सुरुवात केली.

इकडे भाऊंनी मोहिनीला हलक्या आवाजात फोन केला. "ताई, मी उभा होतो तेवढ्यात नाना वारले म्हणतात!"

इतक्या दिवसांतलं पहिलं गिऱ्हाईक, तेही जेवायच्या आत! मोहिनी रिक्षाने धावली. गल्लीत शिरली, दारातले भाऊ तिला लांबूनच दिसले आणि तिचे पाय थबकले. आई गेली तेव्हा शेजारच्या चारुलताकाकू अशाच दारात उभ्या होत्या. त्या पिठल्याची चव तिला आठवेना. फडकं आठवलं.

"अरे देवा," ती म्हणाली. "हे मीच केलं!"

तेवढ्यात गलक्याने चादर हलली. नाना उठून बसले आणि रडणाऱ्यांवर ओरडले.

"काब्र रडतस बठ्ठा? मी जित्ता शे! आन् मना डबा कोठे शे?"

निम्मी गल्ली मागे पळाली, निम्मी हसत सुटली. सगळ्यांची खात्री पटेस्तोवर तास गेला. मग नाना ओट्यावर बसून सगळ्यांदेखत पिठलं चाटूनपुसून खात असताना रडत रडत कमलबाई उतरल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि डोळे पुसले.

"मी दोन दिवस गेले नाही तर बाहेरचं मागवलं? त्यापेक्षा तुम्ही..." आणि त्यांनी जीभ चावली.

सोनगीरची जीप आलीच होती. नानांनी जमलेल्यांना जेवायचा हुकूम सोडला, "मना मरनले उनात ना? आते जेवीसनच जा!"

मोहिनीने पातेलंभर शेवभाजी आणवली. गल्ली जेवली, बोटं चाटली, सगळ्यांनी नंबर घेतला. तिने हेमराजला फोन केला, "धुळं जिंकलं!"

दुसऱ्या दिवसापासून फोन वाजू लागला. "ताई, पिठलं-भाकरी हवी होती. आमचे मामा पहाटे गेले." मग कुणाची आत्या. मग कुणाचे सासरे. शेवभाजी मागायला मात्र कुणी तयार नाही! महिना संपत आला तेव्हा शालिग्राम नावाच्या गृहस्थांचा फोन आला.

"आमची मंदाआजी अजून आहे. पण डॉक्टर म्हणतात, दोन-चार दिवस. म्हटलं, आगाऊ सांगून ठेवावं."

मोहिनीने ऑर्डर लिहायची वही मिटली.

"आजींना आवडतं काय?"

"शेवभाजी. पण आता कुठे..."

"आज तीच पाठवते. पिठल्याचं नंतर बघू."

मंदाआजी हे मोहिनीचं धुळ्यातलं पहिलं रोजचं गिऱ्हाईक. त्यांचं बघून गल्लीही डबे मागवू लागली. गाशा काही गुंडाळावा लागला नाही. आजी दोन-चार दिवस कधीच ओलांडून गेल्या आहेत आणि आता फोनही स्वतःच करतात. काल मोहिनीने मोठ्या प्रेमाने विचारलं, "आजी, भाजी कशी झाली?"

"इतली फिकी?" आजी कडाडल्या. "असं मी मरसू तव्हय धाड!"