दोन शेजारी, चार टायर

टायर बदलायचे आहेत, ही गोष्ट वर्लिन टोस्ट्रुडने स्वतःपाशीच ठेवली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण सोमवारी सकाळी तो ट्रेलरच्या चाकाशी उकिडवा बसला, रबरावरून नख फिरवलं आणि दोन्ही कुंपणांपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात "अरे देवा!" म्हणाला. टायरची नक्षी कालच आणल्यासारखी कोरी, पण बाजूच्या रबराला टाचेला पडतात तशा भेगा. वर्षातून एखादी सहल, बाकी सगळा वेळ अंगणात उभं. असा टायर झिजत नाही, उभ्याउभ्या म्हातारा होतो. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून वर्लिनचं तरी दुसरं काय चाललं होतं!

ट्रेलर म्हणजे त्याचं आणि आर्डिसचं चाकांवरचं घर. आत पलंग, चूल, फ्रीज, संडास आणि आर्डिसने शिवलेले पिवळे पडदे. दर उन्हाळ्यात ते ट्रकमागे जोडून दोघं तळ्यावर जात. तिथे आर्डिसची थोरली बहीण लव्हॉन आणि तिचा नवरा हार्लन त्यांचा ट्रेलर घेऊन येत. यंदा लव्हॉनने फोनवर सांगून टाकलं होतं, की मिनेसोटाची थंडी आता गुडघ्यांना सोसत नाही, पानं गळायला लागली की कायमची ॲरिझोनाला जाणार. म्हणजे तळ्याकाठी बहिणींचा हा शेवटचा आठवडा.

"शुक्रवारी दुपारी मी तळ्यावर असणार," आर्डिस म्हणाली. "ट्रेलरने, बसने, नाहीतर चालत. टायरचं काय ते तू बघ."

"अगं, त्यात बघायचं काय? जातो आणि घालून आणतो."

तेवढ्यात पूर्वेच्या कुंपणावर ड्वेन क्वामीची टोपी उगवली.

आता आमच्या ब्रेकी गावची रीत अशी, की कोणी काही देऊ केलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. सल्ला मात्र पहिल्या झटक्यात घ्यायचा, पटो न पटो. भांडण आमच्याकडे कोणी करत नाही. कोणी फारच अचाट काही केलं तर "हं, वेगळंच आहे," एवढं म्हणतात. त्यापुढची शिवी गावाला ठाऊक नाही, आणि ही ऐकलेला माणूस पुढे कितीतरी रविवार चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो.

"ट्रेलरला ट्रेलरचेच टायर," ड्वेन म्हणाला. "बाजू जाड, वजन झेलतात, वळणावर डुलत नाहीत. डोळे मिटून तेच घे."

"घेतो की," वर्लिन म्हणाला. मनातून त्यालाही तेच हवे होते. विषय इथेच मिटायचा.

पण पश्चिमेच्या अंगणात मायलो ह्रुस्का हातात पाइप धरून एकाच गुलाबाला केव्हाचा पाणी घालत उभा होता. ड्वेनला विचारलं आणि आपल्याला नाही! गुलाब पार बुडायला आला तरी तो हलेना. वर्लिनला ते बघवलं नाही.

"मायलो, तुझं काय मत?"

"माझं कसलं मत! मला काय कळतंय!" मायलोने तत्काळ नळ बंद केला. "पण ट्रकचे घाल. उंच, दणकट. खड्डा येवो नाहीतर दगड. ट्रेलरचे टायर म्हणजे नुसतं नाव रे. अर्थात, तुझी मर्जी."

'तुझी मर्जी' आलं की संपलं. "घेतो की," वर्लिन म्हणाला.

जेवताना त्याने दोन्ही सल्ले आर्डिसला सांगितले.

"एकाला नाही म्हणून टाक," आर्डिस म्हणाली.

"कोणाला? माझी पाठ धरली होती तेव्हा ड्वेनने अख्खा हिवाळा आपल्या दारातला बर्फ उपसला. आणि मायलोने तुझ्या आईच्या शवपेटीला खांदा दिला."

"मग मला विचार."

"तुला टायरमधलं काय विचारायचं?"

आर्डिसने बशा उचलल्या, जरा जास्तच आवाज करत.

बशांचा तो आवाज ऐकता ऐकताच वर्लिनला सुचलं. ट्रेलर उभा असतो दोन घरांच्या मध्ये. ड्वेनला पूर्वेकडची दोन चाकं दिसतात, मायलोला पश्चिमेकडची दोन. दोन्ही बाजू एकदम बघणारा फक्त देव, आणि तो टायरच्या भानगडीत पडत नाही.

"दोन हे आणि दोन ते?" टायरच्या दुकानदाराने विचारलं.

"हो. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते."

दुकानदार एकदा वर्लिनकडे आणि एकदा टायरांकडे बघत राहिला. तोही शेवटी आमच्याकडचाच. "हं," तो म्हणाला, "वेगळंच आहे." वर्लिनचे कान लालबुंद झाले, पण टायर बसले.

मंगळवारी ड्वेनने आपल्या कुंपणावरून टायर बघितले आणि खूश झाला. मायलोनेही आपल्या कुंपणावरून बघितले आणि खूश झाला. वर्लिनने सुटकेचा निःश्वास टाकला, तोच ट्रेलरच्या आतून आर्डिसची हाक आली.

"वर्लिन! अंडं चाललंय!"

ओट्यावर ठेवलेलं अंडं ड्वेनच्या घराच्या दिशेने निघालं होतं. फ्रीजचं दार आपणहून उघडत होतं. ट्रकचे टायर ट्रेलरच्या टायरांपेक्षा चांगले दोन बोटं उंच होते, आणि अख्खं घर पूर्वेला कललं होतं.

"जमिनीला उतार आहे," वर्लिन म्हणाला.

"इतकी वर्षं नव्हता तो?"

"आलाय आता!"

हे दोन्ही शेजाऱ्यांनी ऐकलं. लगेच ड्वेन घमेलंभर खडी घेऊन आला. मायलो उतार बघायची, बुडबुडा असलेली गवंड्याची पट्टी घेऊन निघाला. तो कुंपण ओलांडतोय हे दिसताच वर्लिनने धावत जाऊन चाकांना कापडी खोळी चढवल्या. उन्हाने रबर तडकू नये म्हणून उभ्या ट्रेलरला आमच्याकडे त्या घालतातच. ड्वेनच्या आणि मायलोच्या अंगणातल्या ट्रेलरांवरून तर त्या कधी निघत नसत. हे कालच सुचलं असतं तर एकाच जातीचे टायर घेऊन खोळीत घातले असते, असं वर्लिनच्या मनात आलं आणि त्याने कपाळावर हात मारला.

"अरे नको, कशाला तसदी," तो म्हणाला.

"तसदी कसली!"

"नको रे, खरंच."

"अरे, शेजारी कशाला असतात?"

तिसऱ्यांदा नको म्हणायची आमच्यात सोय नाही. पट्टी ट्रेलरच्या उंबऱ्यावर ठेवली, जमिनीवर ठेवून बघावी असं कोणालाच सुचलं नाही, आणि बुडबुडा मध्ये येईपर्यंत ड्वेनच्या बाजूच्या चाकांखाली दोन संध्याकाळी खडीची भर पडत राहिली. घमेली वाहिली स्वतः वर्लिनने. आर्डिसने सगळ्यांना कॉफी आणि रुबार्बच्या देठांच्या आंबटगोड वड्या दिल्या. बुधवारी ट्रेलर सरळ झाला. चांगली सपाट जमीन तेवढी वाकडी झाली.

गुरुवारी वर्लिन खोळी काढून ट्रेलर घेऊन त्यात बसवलेली गॅसची टाकी भरायला गेला. त्याला ट्रेलर मागे घेता येत नाही, म्हणून तो नेहमी पुढच्या रस्त्याने आत शिरतो आणि मागच्या गल्लीने बाहेर पडतो. पण परत येतो तर पुढच्या रस्त्यावर डांबर पडत होतं. तो मागच्या गल्लीने आत आला. ट्रेलर तोच, जागा तीच, फक्त तोंड उलटं.

आर्डिस वड्यांचं ताट आणि अंडी घेऊन आत शिरली. पुढचं आवाजावरूनच कळलं. ट्रकचे उंच टायर नेमके खडीवर चढले होते, आणि घर दुपटीने, या खेपेला मायलोकडे, कललं होतं.

दोन्ही शेजारी धावत आले. ड्वेनसमोर ट्रकचे टायर होते. मायलोसमोर ट्रेलरचे. दोघं ट्रेलरला वळसा घालून गेले, वाटेत एकमेकांना ओलांडलं, आणि परत आपापल्या जागी येऊन उभे राहिले.

"हं," ड्वेन म्हणाला.

"वेगळंच आहे," मायलोने पुरं केलं.

वर्लिनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात केसांत अंड्याचा बलक घेऊन आर्डिस दारात आली.

"ऐका दोघंही! याला तुमच्यापैकी कोणालाच दुखवायचं नव्हतं, म्हणून याने माझं घर वाकडं केलं. उद्या माझी बहीण तळ्यावर माझी वाट बघत बसणार आहे. पुढच्या वर्षी ती नाही यायची, कळलं? आता दोघांतला कोणीतरी एक रुसून घ्या, म्हणजे मला जाता येईल!"

ब्रेकीत इतकं स्पष्ट कोणी बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. ड्वेनने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि आपल्या ट्रेलरपाशी जाऊन चाकाची खोळ ओढली. खाली ट्रकचा टायर!

"मायलो, तूच सुचवले होतेस," तो मान खाली घालून म्हणाला. "मला नाही म्हणवलं नाही."

मायलो पाय ओढत आपल्या अंगणात गेला आणि त्याने आपली खोळ काढली. खाली ट्रेलरचा टायर.

"तू सुचवले होतेस," मायलो म्हणाला.

"अरे मग वर्लिनला ट्रकचे का सांगितलेस?"

"म्हटलं, मला हवे होते ते निदान कोणाला तरी मिळू देत."

"मीपण तसंच म्हटलं!" ड्वेन ओरडला. आर्डिसला हसू फुटलं, तशी ती पायरीवरच बसली.

मग वाटणी तिनेच केली. शेजाऱ्यांचे ट्रेलर लहान, दोन-दोन चाकांचे. "ड्वेन, तुझे ट्रकचे दोन आम्हाला दे, आमचे ट्रेलरचे दोन तू घे. मायलो, तुझं काय?"

"माझं काही नाही."

"मायलो."

"नाही गं, खरंच."

"तिसऱ्यांदा विचारतेय, मायलो."

मायलोचा चेहरा लाल झाला. "खरं सांगू? आहेत तेच बरे आहेत. वळणावर डुलत नाहीत."

ड्वेनने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली, की मायलो खडीत गेला.

म्हणजे ट्रकचे चारही टायर वर्लिनच्या गळ्यात पडले. ते आता कोणालाच नको होते, आणि त्याला तर कधीच नको होते. त्याने तोंड उघडलं. आर्डिसने केसांतला बलक पुसत त्याच्याकडे बघितलं.

"छान," वर्लिन म्हणाला. "घेतो की."

शुक्रवारी दुपारी दोघी बहिणी तळ्याच्या पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. आर्डिस चाललेल्या अंड्याची गोष्ट सांगत होती आणि लव्हॉन हसून हसून डोळे पुसत होती. ते पाणी सगळंच काही हसण्याचं नव्हतं. वर्लिनने त्या दोघींकडे बघितलं, आणि सगळ्या खडीचं चीज झालं असं त्याला वाटलं.

पलीकडे हार्लन आपल्या ट्रेलरच्या चाकाशी उकिडवा बसला होता.

"अरे देवा! वर्लिन, बघ रे, भेगा पडल्यात. ॲरिझोनापर्यंत जायचंय. कोणते घेऊ?"

वर्लिन उठला. आधी आपल्या ट्रेलरपाशी गेला, चारही चाकांना खोळी घातल्या, नाड्या घट्ट बांधल्या आणि शांतपणे परत आला.

"ट्रेलरला ट्रेलरचेच," तो म्हणाला. "डोळे मिटून."

"घेतो की," हार्लन म्हणाला.

शेजारच्या जागेवर एक अनोळखी माणूस आपली घडीची खुर्ची केव्हाचा उघडत होता, मिटत होता आणि पुन्हा उघडत होता.