सासूबाईंची लोकर

मायरनने स्वेटर घातला आणि त्याला शिंकच आली. सासूबाईंनी, म्हणजे स्टेफानियाबाईंनी, अख्खा हिवाळा खपून त्याच्या कर्लिंग संघातल्या चौघांसाठी लाल स्वेटर विणले होते. बर्फावरून जड दगड सरकवायचा, त्याच्यापुढे झाडू मारत त्याला वाट करून द्यायची आणि तो वर्तुळाच्या मध्यावर थांबवायचा, असा हा खेळ. लोकर घरच्या मेंढ्यांची होती आणि हात लावला की हातात येत होती.

"हे घालून बर्फावर जायचं म्हणजे मांजर कडेवर घेऊन जाण्यासारखं आहे," तो बायकोला म्हणाला. "दगडाखाली एक केस आला तरी दगड भलतीकडे वळतो, डार्लीन."

"मग तूच सांग आईला. पहिल्या रांगेत बसलीय."

मायरनने सांगितले नाही. राष्ट्रीय स्पर्धेतून दहा वेळा तो हात हलवत आपल्या मॅनिटोबा प्रांतात परतला होता. अकराव्या वेळी अंतिम सामना नशिबी आला, तोही ब्रँडनला, घरच्याच मैदानावर. गुडघे आता पुढच्या वर्षाची हमी देत नव्हते. अशा दिवशी सासूची नाराजी कोण ओढवून घेणार?

दुसऱ्याच डावात त्यांचा स्वतःचा दगड लोकरीवर अडखळून बाजूला गेला. तेव्हापासून चौघेही कोपरे अंगाला चिकटवून, जपून झाडू मारू लागले. टीव्हीवरच्या जाणकारांनी या नव्या संयमी शैलीचे भरभरून कौतुक केले. सासूबाईंना मात्र पोरं गारठलेली दिसली. त्यांनी निरोप धाडला, जोरात झाडू मारा म्हणजे ऊब येईल. निरोप पाळला गेला आणि लोकर उडाली.

शेवटचा दगड न्यूफाउंडलंडच्या कप्तानाचा, एलेक टिझार्डचा होता. तो वर्तुळाच्या मध्यावर थांबला की मायरनचा संघ हरला. दगड अगदी नेमका येत होता. हातभर अंतर उरले असताना तो थरथरला, वळला आणि बाहेर जाऊन थांबला. सगळे प्रेक्षक उठून उभे राहिले.

मायरनने वाकून दगड तिरका केला. खाली लाल धागा होता. तो कोणीच पाहिला नव्हता. खिशात टाकला असता तर संपले असते. पण या खेळात आपली चूक आपणच सांगायची, पंचाची वाट बघायची नाही. अकरा वर्षे डोळ्यांपुढून गेली आणि त्याला अगदी रडू आले. तरी तो धागा घेऊन एलेककडे गेला.

"ही आमची लोकर. तू परत टाक."

एलेकने धागा पाहिला, मग स्वेटर पाहिला. "परत टाकायचा नियम नाही, बाबा. बर्फावर झालं ते झालं."

"मग मी हरलो म्हणून जाहीर करतो."

"कर की. का हरलास ते तुझ्या सासूबाईंना मी सांगतो."

मायरनने पहिल्या रांगेतल्या सासूबाईंकडे पाहिले आणि जिंकल्याचे मान्य करून हात पुढे केला.

रिवाजाप्रमाणे जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पहिला प्याला पाजला. आठही जण एका टेबलाशी बसले होते, तेवढ्यात सासूबाई मापाची फीत घेऊन आल्या. त्यांनी एलेकला उभे केले.

"थंडीनं हात आखडले, म्हणून हरलात रे बाबांनो," त्या मायेने म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तुम्हा चौघांनाही विणते. हात वर कर."

एलेकने हात वर केले. छातीभोवती फीत फिरत असताना तो मायरनकडे बघून हळूच म्हणाला, "मगाशी दगड परत टाकायला हवा होता."