सहसा थांबणारा भोवरा

मेहुण्याच्या पत्राला भावोजींनी अजून उत्तर दिलेलं नव्हतं. पत्र येऊन वर्ष होत आलं. त्यात प्रश्न एकच होता : 'आपलं पत्र्याचं अस्वल माझ्या अंगणात गंजतंय. भंगारवाला रोज दारात येतो. ठेवू की देऊन टाकू? तुम्ही म्हणाल तसं.'

"अहो, एका शब्दाचं उत्तर आहे!" बायको म्हणायची. "वाट बघून बघून अस्वलाआधी माझा भाऊ गंजेल!"

भावोजी थकल्यासारखे मान हलवायचे. एक शब्द! सगळा घोळ त्यांच्या शब्दांनीच तर घातला होता.

मेहुण्याने खेळण्यांची बाग काढली, तेव्हा त्याची छाती इतकी फुगली होती की सदऱ्याची बटणं जीव मुठीत धरून बसली होती. "भावोजी, खोलीएवढा भोवरा! हत्तीएवढा लाकडी घोडा! पोरं घरी जायचं नाव काढणार नाहीत! तुमचा जन्म ग्रंथालयात गेला, पाट्या तेवढ्या तुम्ही लिहा."

भावोजींनी उभ्या जन्मात पानं मोजल्याशिवाय पुस्तकाचं कार्ड भरलं नव्हतं. ते थेट खेळणी जोडणाऱ्या फिटरकडे गेले.

"घोड्यावरून कुणी पडणार नाही ना?"

"अजून तरी नाही पडलं," तोंडातला स्क्रू काढत फिटर म्हणाला.

भावोजींनी वळणदार अक्षरात पाटी रंगवली : 'या घोड्यावरून अद्याप कोणी पडलेले नाही.' भोवऱ्यासाठी : 'सहसा थांबतो.' छोट्या आगगाडीसाठी : 'डबे घसरण्याची शक्यता कमी.'

पहिल्या दिवशी गर्दी लोटली आणि पाट्यांपाशी येऊन थिजली.

"सहसा म्हणजे?" मुलाचा दंड घट्ट धरून एका आईने विचारलं.

"म्हणजे... एरवी," भावोजी पुटपुटले.

बाई मुलाला घेऊन निघाली ती फाटकाबाहेरच!

"पाट्या सुधारा!" मेहुणा ओरडला. भावोजींनी मान खाली घालून प्रत्येक पाटीखाली खुलासा जोडला : 'वरील मजकुराने घाबरण्याचे कारण नसावे.' मग घोड्यावर चढलेलेही उतरले.

बाग ओस पडू लागली. शेवटी मेहुण्याने हुकमाचं पान काढलं : किल्लीवर चालणारं पत्र्याचं अस्वल! पाठीत गाडीच्या चाकाएवढी किल्ली, गळ्यात ढोल. "आणि याला पाटी नको!" त्याने बजावलं. बातमी ऐकून पुन्हा गर्दी झाली. मेहुणा तिकीटखिडकीत बसला. फिटर किल्ली पिळू लागला.

"मालक, अजून पिळू का?"

"मला वेळ नाही! भावोजींना विचार!"

फिटरने भावोजींकडे पाहिलं. भावोजी बोलू लागले. "हरकत नसावी... म्हणजे, तसं पाहिलं तर... एका परीने नकोच, पण दुसऱ्या बाजूने विचार केला तर..."

वाक्य संपेना, म्हणून फिटरही थांबेना!

अस्वल सुटलं. त्याने ढोल बडवत फुलझाडं तुडवली, 'सहसा थांबतो'ची पाटी पायाखाली घातली आणि तिकिटाची टपरीच पोटावर घेऊन ते फाटकाबाहेर पडलं. मेहुण्याने खिडकीतून कशीबशी उडी मारली. चौकाच्या मधोमध अस्वल थांबलं. ढोल मात्र वाजतच राहिला. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेने बागेला कुलूप ठोकलं. संपला बागेचा इतिहास! पावसाळासुद्धा तिने पाहिला नाही.

"आता मीच लिहिते," एका सकाळी बायको वैतागून म्हणाली. "देऊन टाक म्हणते. सुटेल बिचारा!"

भावोजी दचकले. त्यांना तो चौक आठवला. सगळा उन्हाळा ज्यांचे दंड आयांच्या मुठीत होते, ती पोरं हात सोडवून अस्वलामागे धावली होती. ढोलाच्या तालावर नाचत, हसून हसून रस्त्यावर बसत होती. अस्वल थांबलं तशी ओरडली होती, "पुन्हा! पुन्हा!"

त्यांनी पोस्टकार्ड ओढलं. पत्ता घातला. मागे लिहिलं : 'ठेव.' पुढे 'शक्यतो' लिहायला हात शिवशिवला. त्यांनी पेनला टोपण लावलं, चपला घातल्या, आणि विचार बदलायच्या आत कार्ड पेटीत टाकलं.

धापा टाकत ते घरी आले.

"टाकलंत एकदाचं?" बायकोने विचारलं.

"टाकलं! 'ठेव' म्हणून स्पष्ट सांगितलंय!"

बायको बघतच राहिली. "आणि पत्ता? तो बरोबर घातलात ना?"

भावोजी मटकन खुर्चीत बसले.

"बहुधा," ते म्हणाले.