अपुरा पत्ता

परबकाका कुणाच्याही घरी गेले की बेल वाजवण्याआधी दारावरची पाटी पूर्ण वाचतात. दार उघडलं की कसे आहात वगैरे राहतं बाजूला, आधी पाटीतली चूक सांगतात. आमच्या पाटीवर नुसतं 'सं. द. राणे' आहे. अकरा वर्षं ते मला रूम नंबर टाक म्हणतायत आणि अकरा वर्षं मी हो म्हणतोय.

पोस्टात छत्तीस वर्षं काढली माणसाने, त्यातली बरीचशी सॉर्टिंगला. आमच्या गोराईत प्लॉट नंबर वेगळा, सोसायटी नंबर वेगळा, रोड नंबर आणखी वेगळा. नवा रिक्षावाला रडकुंडीला येतो. काकांना मात्र अख्खी गोराई तोंडपाठ. चुकलेले डिलिव्हरीवाले थेट त्यांच्या गॅलरीखाली उभे राहून हाक मारतात, आणि काका वरून रस्ता सांगतात. वर पाकिटावरचा पत्ता कसा लिहायला हवा होता तेही सांगतात. त्या बिचाऱ्याला पुढे चाळीस पार्सलं टाकायची असतात.

जिथे काही कमी पडेल तिथे त्यांचा शेरा ठरलेला: "अपुरा पत्ता." आमटीत मीठ नाही, अपुरा पत्ता. सोसायटीच्या मीटिंगला सेक्रेटरींचं भाषण संपलं की मागच्या खुर्चीवरून आवाज येतो, अपुरा पत्ता. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये मी एकाही फोटोत हसत नाही, ते बघूनही तेच म्हणाले होते. बायकोला ते फार आवडलं. अजून अधूनमधून वापरते.

मी अंधेरीला एका कंपनीत कॉम्प्युटर सपोर्टला आहे. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस लोक मला फोन करून चालत नाही म्हणतात, आणि मी त्यांना बंद करून पुन्हा चालू करा म्हणतो. रविवारी दुपारी मला कुणी काही सांगू नये, एवढी एकच इच्छा आता उरली आहे. तीही पुरी होत नाही, कारण काका समोरच राहतात.

त्या रविवारी जेवून आडवा झालो होतो. अडीच वाजले असतील. काका आत येऊन पलंगाशी उभे राहिले.

"संदीप, माझा पत्ता बदललाय."

"घर सोडताय?"

"घर नाय रे. कॉम्प्युटरचा."

मी डोळे मिटूनच विचारलं, की नेट चालतंय ना? चालतंय. मेल येतात? येतात. मग बिघडलं काय? "पत्ता बदलला, अजून काय बिघडायचंय," काका म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. उठलो. न उठून सांगतो कुणाला.

काकांच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. मोत्यासारखं अक्षर, वर सेलोटेप: '१९२.१६८.१.२५'. खाली कंसात 'परब'. हा त्यांच्या कॉम्प्युटरचा आयपी ॲड्रेस. दोन आठवड्यांपूर्वी नेटचा जुना डबा, म्हणजे राउटर, जळला म्हणून केबलवाल्याने नवा बसवला. नव्या डब्याने कॉम्प्युटरला नवा नंबर दिला, '१९२.१६८.०.४'. घराघरांत असं होतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. काका मात्र रोज सकाळी चिठ्ठीशी ताडून बघत होते.

"मी अर्ज दिलाय," काका म्हणाले, आणि कार्बन कॉपी पुढे केली. केबलवाल्याच्या ऑफिसला 'सविनय सादर' लिहून कळवलं होतं, की आमच्या जुन्या आयपी पत्त्यावर येणारे टपाल तीन महिने नव्या पत्त्यावर पाठवण्याची व्यवस्था व्हावी. खाली तिथल्या पोरीची सही होती. "घेतला तिने. काय बोलली नाही."

मी हसलो नाही. हसायलाही ताकद लागते. म्हटलं, काका, हा नंबर काही खास नाही, हाच नंबर लाखो घरांत असतो.

काका खुर्चीत बसले. "एकच पत्ता? लाखो घरांना? आणि मग वाटप कसं करतात?"

मग मला त्यांच्या भाषेत यावं लागलं. नेटचा डबा म्हणजे बिल्डिंग, तिचा पत्ता बाहेरचा, तो एकटीचाच. कॉम्प्युटरचा नंबर म्हणजे आतला रूम नंबर. रूम नंबर पंचवीस कुठल्याही बिल्डिंगमध्ये असू शकतो. हे त्यांना पटलं. "मग तसं सांग ना," म्हणाले.

"पण तुम्हाला पंचवीसच कशाला हवाय?"

"स्नेहलने दिलाय तो."

स्नेहल म्हणजे त्यांची मुलगी, पुण्याला असते. तिनेच हा कॉम्प्युटर लावून दिला होता, आणि तिथून बसून इथला चालवता येईल अशी सोय केली होती. जुन्या डब्याला तिने सांगून ठेवलं होतं, माझ्या नावाने कुणी आलं की पंचवीस नंबरला पाठव. नव्या डब्याला हे कोण सांगणार?

"दर रविवारी चारला येते," काका म्हणाले. "स्क्रीनवरचा बाण आपोआप हलायला लागतो. कचरा काढते, फोटो नीट लावते, ते व्हायरसचं बघते. मी हात मांडीवर ठेवून बसतो. गेले दोन रविवार आली नाय."

"मग फोन करा ना तिला. पाच मिनिटांत दोघं मिळून..."

काकांनी सेलोटेपचं सुटलेलं टोक अंगठ्याने दाबलं. बराच वेळ दाबत राहिले.

"फोन नाय होत आमचा. तीन वर्षं झाली. लग्न केलंन तिने, माका न विचारता. मग रजिस्टर पत्र पाठवलंन. अक्षर ओळखलं मी. पोस्टमन आपलाच, माझ्याच हाताखाली तयार झालेला. तो नको नको म्हणत होता. त्याचं पेन घेतलं आणि मीच लिहिलं वर. घेण्यास नकार, प्रेषकास परत." मग म्हणाले, "आत काय होतं माका ठाऊक नाय. त्याच्यानंतर फोन बंद. रविवारचं येणं तेवढं तिने बंद केलं नाय."

मी कीबोर्ड पुढे ओढला. पंधरा मिनिटांचं काम होतं: डब्याची मांडणी जुन्यासारखी केली, कॉम्प्युटरला पंचवीस नंबर कायमचा दिला, डब्याला स्नेहलचा नियम शिकवला. बाहेरच्या पत्त्याचं काय करावं म्हणून शोधत होतो, तर तिने टाकून ठेवलेला एक छोटासा प्रोग्राम सापडला. बिल्डिंगचा पत्ता बदलला की तो आपणहून तिला कळवत होता. तीन वर्षं, न चुकता. काकांना सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे पत्ता बदलल्याची सूचना. पोस्टातल्या माणसाची पोरगी ती."

चार वाजले. बाण हलला नाही. सव्वाचार झाले. काकांचे हात मांडीवर. मी उगाच दोनदा सगळं तपासलं. कंपनीत एवढं कधी तपासत नाही.

चार वीसला बाण हलला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, खात्री करून घेतल्यासारखा. मग त्याने कचरा काढला नाही, फोटोही उघडले नाहीत. लिहायचा कोरा कागद उघडला, आणि इंग्रजी अक्षरांत शब्द उमटले: 'बाबा, दोन रविवार कुठे होतात?'

काका उठले, परत बसले. "हिने कधी लिहिलं नव्हतं," म्हणाले. मग मला विचारलं, "आता काय लिहू?" मी म्हटलं, मनात असेल ते लिहा. मनातलं त्यांना जमेना. एक बोट कीबोर्डवर फिरत राहिलं, एकेक अक्षर शोधत. शेवटी लिहिलं, 'मिळालं.' खाली पूर्ण नाव, त्याखाली तारीख. पोचपावतीवर सही-तारीख लागते, म्हणाले.

मी चपला घातल्या. दारातून मागे पाहिलं, तर तिकडून काही येत नव्हतं. बाण नुसता काकांच्या नावाशी जाऊन थांबला होता. काका मांडीवर हात ठेवून त्याच्याकडे बघत बसले होते.